दोघी जावांत एक पाकीट

घरात तिला सगळे ‘तराजू’ म्हणत. हे नाव सासऱ्यांनी ठेवले होते, आणि ते ठेवताना त्यांच्या स्वरात थट्टेपेक्षा कौतुक अधिक होते. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा माणसे फार आणि वस्तू थोड्या, अशी स्थिती होती. अशा घरात कलह हा उंबऱ्याशी टपून बसलेल्या मांजरासारखा असतो. कुणाची नजर चुकली की आत शिरतो. तिने ते मांजर कधी आत येऊ दिले नाही. दूध असो, अंगाचा साबण असो, डोक्याखाली घ्यायची उशी असो, तिच्या हातून वाटणी झाली की मान वळवून दुसऱ्याच्या वाट्याकडे पाहण्याची कुणाला गरज उरत नसे. एक तीळ सात जणांनी वाटून खाल्ल्याचे आपण म्हणीत ऐकतो. तराजूने तो तीळ खरोखर वाटला असता, आणि न जाणो कुणी आठवा यायचा, म्हणून एक कण झाकूनही ठेवला असता.

जे आहे ते यथान्याय विभागून देणे, संविभाग करणे, हा गृहस्थधर्माचा कणा आहे असे जुनी माणसे मानत आली. या बाईने तो कणा ताठ ठेवला. तिच्या हातून पुढे जी चूक झाली तीही याच गुणाच्या पोटी जन्मली. दुर्गुणांपासून माणूस सावध असतो. गुणांवर पहारा कोण ठेवतो?

सासरे आता नव्हते. घरात सासूबाई होत्या, त्यांचे दोन मुलगे, दोघी सुना, तराजूची तीन मुले आणि धाकट्या जावेची नुकती रांगू लागलेली मुलगी. दोन खोल्या, आणि त्यांच्या मध्ये दार नसल्यामुळे टांगलेला एक जाड पडदा. दोघे भाऊ ट्रक चालवत, पण ट्रक एकच. मालकाची रीतच तशी होती: थोरला माल पोचवून दूरच्या गावाहून परतला, की इंजिन थंड व्हायच्या आत धाकटा त्याच गाडीवर चढे आणि निघे. गाडी उभी राहणे मालकाला सोसत नसे. त्यामुळे दोघांपैकी एक घरी आणि एक रस्त्यावर, हा नेम वर्षानुवर्षे चालला होता.

“मी सूर्य-चंद्र जन्माला घातलेत,” सासूबाई म्हणत. “एक उगवला की दुसरा मावळतो. दोघं शेजारी बसून जेवलेले कधी पाहिले, मला आठवत नाही.”

थोरला हसून म्हणे, “आई, ट्रकला पूर्ण दोन ड्रायव्हर आहेत. बायकांना मात्र अर्धा-अर्धा नवरा.”

दोघी जावा ताडपत्री शिवण्याच्या कारखान्यात जात. यंत्राच्या सुईला न पेलणाऱ्या जाड शिवणी तिथे हातांनी घातल्या जात. लाकडी चौकटीवर ताडपत्री उभी ताणायची; एका अंगाला एक बाई बसायची, दुसऱ्या अंगाला दुसरी. अलीकडून थोरली आखलेल्या रेघेवर सुई टोचून पलीकडे देई, पलीकडून धाकटी मेण लावलेला दोरा ताणून घेई आणि पुढच्या खुणेतून सुई परत पाठवी. दिवसभर एकमेकींचे तोंड दिसत नसे. आवाज तेवढे येत. जावा-जावांचा उभा दावा असतो असे म्हणतात. येथे उभी होती ती ताडपत्री, दावा मुळीच नव्हता. उलट सुई ज्या गतीने परत येई त्यावरून पलीकडचीचे मन कसे आहे, हे तराजूला कळू लागले होते.

धाकटीचे बाळंतपण या कथेच्या मुळाशी आहे. मुलगी झाली ती सुखरूप झाली, पण मागाहून रक्त थांबेना. दवाखान्याच्या त्या खोलीत तराजू होती. चादरी बदलल्या जात होत्या, बादल्या बाहेर जात होत्या, आणि धाकटीच्या ओठांवरचा रंग डोळ्यांदेखत उतरत होता. ती वाचली. नंतर सिस्टरने तराजूला बाजूला घेऊन सांगितले, “हिच्या अंगात काही उरलेलं नाही. निदान तीन वर्षं दुसरं मूल नको. पुन्हा असं झालं तर मी काही करू शकेन असं समजू नका.”

ही गोष्ट तराजूने घरी सांगितली. धाकट्याने डोळे पुसले, थोरल्याने गाडीवरून परतल्यावर ऐकून मान डोलावली, सासूबाईंनी देवाचे आभार मानले, आणि मुलगी बसू लागताच सासूबाई म्हणाल्या, “आता हिच्या पाठीवर एक मुलगा झाला, की मी डोळे मिटायला मोकळी.” त्या दुष्ट नव्हत्या. त्यांना नऊ वेळा दिवस गेले होते आणि दोन मुलगे तेवढे हाती लागले होते. मुले ही पिकासारखी असतात, थोडी जास्त पेरावी लागतात, असे आयुष्याने त्यांना शिकवले होते.

तराजूचेही एक भिजत पडलेले घोंगडे होते. तिसऱ्या मुलानंतर तिला चौथे नको होते. हे तिने मनाशी कधीच पक्के केले होते. पण मनातली गोष्ट ओठांवर यायला जी वाट लागते ती या घरात कुणी पाडलेली नव्हती. उद्या बघू, पुढच्या खेपेला बोलू, असे करत काही वर्षे गेली. मधे एकदा दिवस राहून आपोआप गेले. त्या दिवसांतही ती कारखान्यात जात राहिली आणि कंबर धरते असे सांगून तिने वेळ निभावली. आपल्यासाठी जे तिला जमले नव्हते ते धाकटीसाठी मात्र जमले. गुडघा दुखतो म्हणून ती दवाखान्यात गेली आणि गोळ्यांचे पाकीट घेऊन आली.

पाकीट एकच मिळाले. ज्या बाईला हवे तिने स्वतः यायचे, रक्तदाब दाखवायचा, मग तिला तिच्या नावाचे मिळायचे, असा नियम होता. धाकटी दवाखान्यात जायची ती सासूबाईंच्या संगतीने, कडेवर मूल घेऊन. तिथे तोंड उघडणे शक्य नव्हते. सिस्टरच्या दारात बायकांची रांग होती. पाकीट हातावर ठेवत तिने सांगितले, “रोज एक. न चुकता. एक दिवसही चुकवायचा नाही.” आणि पुढचीला हाक मारली.

त्या संध्याकाळी पाकीट मेणाच्या डब्याच्या तळाशी ठेवताना तराजूने आपला जन्माचा हिशेब मांडला. गोळी कशासाठी? नवऱ्यासाठी. नवरे दोन, पण घरी एका वेळी एक. ज्या दिवशी थोरला घरी, त्या दिवशी धाकटीला गोळीचा काय उपयोग? आणि धाकटा घरी असताना आपण ती खाणे म्हणजे तिच्या तोंडचे काढून घेणे. जिचा नवरा घरी, तिची गोळी. एक पाकीट दोघींना नेमके पुरणार, आणि एकही गोळी वाया जाणार नाही. तिला ही वाटणी इतकी चोख वाटली, की देवानेच ट्रक एक ठेवून सोय केली असावी, असा विचार मनात येऊन ती स्वतःशी हसली. धाकटीला सांगितले तेव्हा तीही हसली. “जाऊबाई, तुम्ही वारासुद्धा मोजून वाटाल,” ती म्हणाली.

काही महिने नीट गेले. एक पाकीट संपले की तराजू दुसरे घेऊन येई. दैव कधीकधी चुकीच्या गणितालाही बरोबर उत्तर देते, आणि त्यामुळे माणूस गणित तपासायचे सोडून देतो.

मग ट्रक बिघडला. इंजिन उतरवले गेले, सुटा भाग बाहेरून यायचा होता, आणि घराच्या इतिहासात प्रथमच दोघे भाऊ एकाच वेळी घरी आले. सासूबाई कृतार्थ झाल्या. दोघांना शेजारी बसवून त्यांनी दोन्ही वेळा आपल्या हाताने वाढले. पोरे काकांच्या अंगाखांद्यावर नाचली. पडद्याच्या दोन्ही बाजूंना हसण्याचे आवाज आले. आणि मेणाच्या डब्यात पाकीट एक, गोळी रोज एक.

तराजू त्या दिवशी डबा हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिला अशी वाटणी करायची होती, की जी होत नव्हती. अर्धी गोळी मोडून द्यावी, हेही मनात आले. मग तिला त्या चादरी आठवल्या. तिने गोळी धाकटीच्या तळहातावर ठेवली. दुसऱ्या दिवशीचीही तिलाच दिली, आणि ट्रक दुरुस्त होईपर्यंत देत राहिली.

“आणि तुमची?” धाकटीने विचारले होते.

“मला काय धाड भरते? एवढी वर्षं काय गोळ्यांवर काढली मी?”

ट्रक सुरू झाला. आधी धाकटा गेला, मग फेऱ्या पूर्वीसारख्या चालू झाल्या. त्यानंतर काही आठवड्यांनी एका सकाळी पलीकडून सुई परत येईना.

“झोपलीस का गं?” तराजूने विचारले.

सुई आली, पण रेघ सोडून बोटभर वर.

“रेघ कुठं, तू कुठं. मुकादमानं बघितलं तर उसवायला बसवेल दोघींना.”

“जाऊबाई.”

“बोल की.”

“माझी पाळी आली नाही.”

तराजूच्या हातातला दोरा ताणलेलाच राहिला. शेजारच्या चौकटीवर कुणी कड्या ठोकत होते, त्याचा ठण-ठण आवाज तिच्या कपाळात उमटू लागला.

“अंगावर पाजतेस अजून. मागंपुढं होतं.”

“बरेच दिवस वर गेलेत. मधे नुसता डाग दिसला, मग काही नाही.”

“गोळ्या घेतल्यास ना?”

“तुम्ही दिल्यात तेवढ्या सगळ्या.”

या वाक्यात दोष देण्याचा लवलेश नव्हता, आणि म्हणूनच ते तराजूला काट्यासारखे रुतले. आपण दिले तेवढेच तिने घेतले. आपण दिले ते पुरेसे होते का? तिने पुढचा टाका घातला, तो सैल पडला. काढून पुन्हा घातला, तो दाट झाला. त्या दिवशी तिला बसवेना. पाणी प्यायला उठली, प्यायली नाही. दोरा संपला नसताना नवा आणायला गेली. मुकादम म्हणाला, “आज पायाला भिंगरी बांधून आलात का?”

घरीही तीच गत. भांडी घासून झाली तरी ती पुन्हा घासायला बसली. रात्रीच्या जेवणाला मोठ्या मुलाला दोनदा दूध मिळाले आणि मधलीला मिळालेच नाही; ती टक लावून आईकडे पाहत राहिली, कारण असे पूर्वी कधी घडले नव्हते. धाकटीने ताट पुढे सारले.

“थोरले,” सासूबाई म्हणाल्या, “धाकटी जेवत नाही. काही विशेष?”

“उन्हानं असेल, आई.”

“ऊन माझ्यावरही पडतं. मी दोनदा वाढून घेतलं.” मग आवाज मऊ करून त्या म्हणाल्या, “असेल तर लपवू नका गं. ज्यानं चोच दिली तो चाराही देईल.”

“चोचीचं ठीक आहे, आई. अंडं घालणारीचं काय?”

शब्द तोंडातून गेल्यावर तराजूच दचकली. सासूबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिले. “आज तुझी जीभ काही पारड्यात नाही,” एवढेच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सुटी होती. थोरला घरी होता, खिडकीच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेल घालत होता. तराजू त्याच्याजवळ गेली, परत आली, पुन्हा गेली.

“अहो.”

“हं.”

“धाकटीला परत दिवस गेले असतील तर?”

“तर तोंड गोड करू सगळ्यांचं.”

“सिस्टर काय म्हणाली होती, विसरलात?”

“मी नव्हतो तेव्हा. मी गाडीवर होतो.”

“तुम्ही कधी असता?”

त्याने तेलाची कुपी खाली ठेवली. नवऱ्याचा स्वभाव शांत होता; तो ओरडला असता तर तिला बोलणे सोपे गेले असते. तो म्हणाला, “काळजी कर, पण त्या गोळ्या-बिळ्यांच्या नादी लागू नका कुणी. आमच्या अड्ड्यावर एक जण सांगत होता, त्याच्या मेव्हणीच्या पोटात गोळ्यांचा ढीग साठला होता.”

“ढीग?”

“डॉक्टरनं काढून दाखवला म्हणे.”

“त्यानं पाहिला?”

“मेव्हणीनं पाहिला असेल.”

“तिचं पोट फाडलेलं असताना ती उठून ढीग बघत बसली?”

तो हसू लागला, आणि हसणारा नवरा बिजागरीकडे वळला म्हणजे संभाषण संपते. तराजू पडद्याजवळ उभी राहिली. सांगावे, आत्ता सांगावे, असे मन ढकलत होते आणि पाय मागे सरत होते. पडद्यापलीकडे धाकटी मुलीला थोपटत होती; थोपटण्याची लय पुन:पुन्हा तुटत होती.

वाट फुटली ती कारखान्यात, आणि तीही सुईनेच पाडली. दोघींचेही चित्त ठिकाणावर नव्हते; तराजूने जोर देऊन सुई लोटली आणि धाकटीचा तळहात नको तिथे होता. पलीकडून आवाजही आला नाही. ताडपत्रीच्या खालच्या कडेवरून रक्ताचा थेंब घरंगळत आला, तेव्हा कळले.

मुकादमाने हात पाहिला. “धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन या. एकीनं जा.”

“एकटी भोवळ येऊन पडेल ती.”

“जा बाई दोघी. तुम्ही शिंकतासुद्धा जोडीनं.”

जखम बांधून झाली. इंजेक्शन झाले. सिस्टर हात धुऊन वळली तरी दोघी जागच्या हलेनात.

“अजून काही?”

“सिस्टर,” तराजू म्हणाली, “हिची पाळी चुकलीय.”

“गोळ्या घेतात का या?”

“घेते.”

“यांच्या नावावर तर मी कधी दिल्या नाहीत.”

मग तराजूने सांगितले. जिचा नवरा घरी, तिची गोळी. सांगताना, अजूनही, तिच्या आवाजात त्या वाटणीविषयीचा पुसट अभिमान होता. सिस्टर खुर्चीवर बसली.

“मी तुम्हाला काय सांगितलं होतं?”

“रोज एक, न चुकता.”

“मग?”

“रोज एकच घेतली गेली, सिस्टर. एक दिवस चुकला नाही. कधी हिनं घेतली, कधी मी.”

सिस्टर हसली नाही. तिने क्षणभर डोळ्यांवर हात धरला, जणू तिच्या रांगेतल्या सगळ्या बायका, आणि त्यांना घाईघाईने सांगितलेली सगळी वाक्ये एकदम तिच्यासमोर येऊन उभी राहिली होती. “चूक तुमची नाही,” ती म्हणाली. “मी अर्धं सांगितलं. गोळी नवऱ्यासाठी नसते, बाई. ती तुमच्या अंगासाठी असते. नवरा घरी असो, परगावी असो, एकाच बाईनं ती रोज घ्यायची, तेव्हा अंगातलं चक्र थांबून राहतं. चार दिवस घेतली, चार दिवस सोडली, तर ना आड ना विहीर. पाळीचा घोटाळा होतो, आणि राखण काहीच होत नाही.”

“म्हणजे एक टाका घालायचा आणि एक सोडायचा,” तराजू हळू म्हणाली. “पाणी आत येणारच.”

धाकटीची तपासणी झाली. तेवढा वेळ तराजू भिंतीवरच्या खिळ्यापासून दारापर्यंत आणि दारापासून खिळ्यापर्यंत फिरत राहिली. सिस्टरने लघवीच्या चाचणीची पट्टी उजेडात धरली. “नाही. काही नाही. गोळ्यांच्या गोंधळानं पाळी लांबलीय. येईल.”

धाकटी रडू लागली. तराजूच्या छातीवरचा दगड उतरला. तिने भिंतीला पाठ टेकली, देवाला हात जोडले, धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवला.

“आता तुम्ही,” सिस्टर म्हणाली.

“मी कशाला?”

“पाकीट दोघींचं होतं ना? तुमची शेवटची पाळी कधी?”

तराजूने उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तिच्या लक्षात आले, की धाकटीची तारीख तिला तोंडपाठ आहे, आपली आठवत नाही. सगळ्यांच्या वाट्याकडे लक्ष ठेवणाऱ्या या बाईने आपल्या शरीराकडे पाहिलेच नव्हते. ट्रक बिघडला त्याच्या आधी आली होती. नंतर? नंतर ती दुसरीचे दिवस मोजत होती.

या वेळी पट्टी उजेडात धरून सिस्टरने ती तिच्यापुढे केली. दोन रेघा होत्या. वाटणी न झालेल्या, स्पष्ट.

परतताना तराजू इतकी भराभर चालली, की धाकटीला पळावे लागले.

“जाऊबाई, माझ्यामुळं झालं.”

“गप.”

“तुमच्या वाटणीच्या मला दिल्यात तुम्ही.”

“दिल्या. पुन्हा द्यायला लागल्या तरी देईन. आता चाल.”

सिस्टरने सांगितले होते: लवकर कळले आहे, ठेवायचे नसेल तर मोठ्या दवाखान्यात कायदेशीर, सुरक्षित सोय आहे, ठेवायचे असेल तरी मी आहे, पण ठरवायचे तुम्ही, आणि उशीर नको. यातील ‘तुम्ही’ हा शब्द तराजूच्या कानात घुमत होता. तिला आजवर सगळ्यांनी विचारले होते ते ‘किती’ आणि ‘कुणाला’. ‘तुम्हाला काय हवे’, हे विचारणारे तोंड तिला आठवेना. पोटात जे होते त्याविषयी तिला राग नव्हता. तिला त्याची दयाच आली. पण थकलेल्या जमिनीला दया येते म्हणून ती पीक देत नाही.

घरी थोरला ट्रकच्या किल्ल्या बोटाभोवती फिरवत बसला होता. धाकटा दुसऱ्या दिवशी परतायचा होता, मग याची पाळी. तराजू उभ्यानेच बोलली.

“मला दिवस गेलेत.”

किल्ल्या थांबल्या. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आले. “मग येऊ दे. तिघांत चौथं जड नाही. तू आहेस की वाटायला.”

“सगळं वाटते मी. हे कसं वाटू? नऊ महिने माझे, कळा माझ्या, पुढची वर्षं माझी. यात तुमचा वाटा किती, आईंचा किती, ते सांगा. मी देते वाटणी करून.”

त्याने किल्ल्या खाली ठेवल्या.

“मला नको,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण हे दोन शब्द बाहेर यायला इतकी वर्षे लागली होती, की त्यांना ओलांडून जाणे त्याला शक्य नव्हते. तो म्हणाला, “तू गोळ्या घेत होतीस?”

“अर्ध्या.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर पोटात ढीग झाला असता.”

पडद्यामागून सासूबाईंचा आवाज आला. “अर्ध्या हिनं घेतल्या. उरलेल्या अर्ध्या कुणी?”

तराजूने बोलण्यासाठी श्वास घेतला, तो धाकटीने तिचा हात धरून खाली ओढला. “मी घेतल्या, आई,” ती म्हणाली. “आणि यापुढं पूर्ण घेणार आहे. हे आले की त्यांना मी सांगेन. जाऊबाईंनी नको, मी.”

पडदा बाजूला सारून सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिले.

“ही त्या दिवशी मरायला टेकली होती, तेव्हा मी दाराबाहेर बसले होते,” त्या म्हणाल्या. “बादल्या मी पण पाहिल्या.”

“मग नातू-नातू कशाला करता, आई?” धाकटीने विचारले.

“दुसरं काय मागायचं असतं, ते मला कुणी शिकवलं नाही.” त्या पुन्हा आत वळल्या. “नातू नको असं काही मी म्हणणार नाही. पण परवा पोरीला मी सांभाळते. जा दवाखान्यात.”

ठरल्या दिवशी, जे मालकाला कधी सोसत नसे ते घडले. ट्रक अड्ड्यावर उभा राहिला. थोरला त्याबद्दल बोलणी खाऊन आला होता. दवाखान्याच्या बाकावर बायकांच्या रांगेत तो एकटा पुरुष, गुडघे हलवत, कुठे पाहावे ते न कळून भिंतीवरचे एकच चित्र पुन:पुन्हा पाहत बसला. त्याने होकार दिला नव्हता आणि नकारही दिला नव्हता. तो आला होता, एवढेच. संसारात कधीकधी तेवढ्यावर पुढचे पाऊल टाकावे लागते.

धाकटीला आधी बोलावले. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तिच्या नावाचे पाकीट होते. सवयीने तिने ते तराजूपुढे केले.

“माझ्याकडं कशाला?” तराजू म्हणाली. “तुझं आहे. तूच ठेव, तूच मोज.”

मग तिला हाक आली. नवरा अर्धवट उठला. “मी येऊ?”

“बसा. लागलं तर बोलावते.”

आत सिस्टरने दार लोटून घेतले. बाहेर रांग होती, पण आज तिने घड्याळाकडे पाहिले नाही. “ठरलं का?”

“ठरलं,” तराजू म्हणाली. “हे मला नको. मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी द्या. आणि पुढं पुन्हा असं दारात उभं राहायची वेळ येऊ नये, असं काहीतरी द्या. माझ्या एकटीसाठी. आणि या वेळी पूर्ण सांगा, सिस्टर. मी कितीही वेळ बसते.”

सिस्टरने खुर्ची पुढे ओढली. तराजू बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ऐकू लागली.